आईचे मासे

मी मासा कधी खाल्ला नाही. आमच्या घरात कुणीच खाल्ला नाही. पण मासा धरायला मला येतो, आणि तोही काठावर बसून, एका वाकवलेल्या सुईनं आणि भाकरीच्या पिठानं. फाल्गुन सरत आला की मी इथं नांदेडात गोदावरीच्या काठाला जाऊन बसते, घाटापासून जरा बाजूला, जिथं धुणं धुणाऱ्या बायका नसतात. गळ टाकते. लागला तर मासा ओंजळीत घेते, जरा वेळ बघते आणि सोडून देते. शेजारी गळ टाकून बसलेले लोक हळहळतात. परवा एकजण म्हणालाच, "मावशी, सोडायचाच तर धरता कशाला?" मी म्हटलं, "तू तुझा धर की बाबा. माझ्या माशाची तुला कशाला काळजी?" लोकांना नसत्या चौकशा.

खरं सांगायचं तर मासा निव्वळ निमित्त. मला आई पाहिजे असते. आई जाऊन किती वर्षं झाली, देवघरातल्या फोटोत ती मला कधी भेटत नाही; फोटोत ती कुणातरी दुसऱ्याच बाईसारखी दिसते. ती भेटते ती अशी, फाल्गुनातल्या उन्हात, पाणी आटत चाललेल्या काठावर, डोक्यावर पदर ओढून, हातातल्या दोऱ्याकडं टक लावून बसलेली. म्हणून मी जाते.

आमचं गाव लातूरजवळच्या मुरुडपासून पायी तासाभराच्या वाटेवर. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं आणि त्याची पूजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही. पहाटे अंघोळ, कपाळाला भस्म, मग पाटावर बसून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं त्यावर तांब्यातलं पाणी सोडायचं. तेच पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. तो तांब्या भरून पाटाशेजारी ठेवायचं काम आईचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ते तिचंच होतं आणि तिला त्याचा लई अभिमान. अप्पाही कधी खुशीत असले की म्हणायचे, "माझा देव तुझ्या हातच्या पाण्याला सोकावलाय."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी तेव्हा तेरा वर्षांची. दुकानातले डबे एकेक करून रिकामे झाले, आधी गुळाचा, मग तेलाचा. अप्पा तरी रोज सकाळी दुकान उघडायचे, रिकाम्या डब्यांवरची धूळ झटकायचे आणि संध्याकाळी कुलूप लावायचे. गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं दुष्काळी कामावर तळं खोदायला काढलं होतं. एके दिवशी आई पदर खोचून तिकडं निघाली. अप्पा दारात आडवे उभे राहिले.

"दुकानदाराची बायको पाटी उचलणार? लोक काय म्हणतील?"

"लोक बी तिथंच हायेत," आई म्हणाली. "समदे पाट्याच उचलायलेत." आणि त्यांच्या बाजूनं वाट काढून गेली.

कामावर तिची जोडी जमली भोयाच्या मावशीशी. मावशी मासे धरणाऱ्या घरातली, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट. आई पाटी भरायची, मावशी उचलून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टाकायची, दुपारनंतर अदलाबदल. दुपारी सुकडी मिळायची, दुष्काळात सरकार वाटायचं ते गोडसर कोरडं खाणं. आई तिच्यातली अर्धी पदरात बांधून घरी आणायची. मी ती नाचत खायचे. अप्पाही खायचे, पण आमच्याकडं पाठ करून. मला तेव्हा वाटायचं, त्यांना सुकडी आवडत नसेल.

घरामागं आमची विहीर होती आणि विहिरीत मासे होते. पाणी साफ राहतं म्हणून आमच्यासारख्या घरातही त्यांना कुणी काही करत नसे. आई नवी नवरी असताना तिला या घरात बोलायला कुणी नव्हतं. ती कट्ट्यावर बसून भाकरीचा चुरा पाण्यात टाकायची आणि मासे वर यायचे. सासरी तिची पहिली ओळख त्यांच्याशी झाली, असं ती स्वतःच सांगायची. त्या वर्षी विहीर आटली आणि तळाला परातीएवढं डबकं उरलं. त्यात मासे कुशीवर पडून तोंड उघडझाप करत होते. आईला ते बघवेना. ती पायऱ्या उतरून खाली गेली, हातानं सात मासे घागरीत घेतले आणि वर आणून रांजणात सोडले.

रांजण घरात एकच धड होता. दुसऱ्याला उन्हानं तडा गेलेला. लांबच्या झऱ्यावरून मी आणि आई डोक्यावर आणायचो ते सगळं पाणी त्या एकाच रांजणात. आणि इथं आईनं ती चूक केली. आमच्यात पाणी गाळून घ्यायची रीत. फडकं दुहेरी धरून गाळलं की पाणी शुद्ध, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. म्हणून ती रोज पहाटे त्याच रांजणातलं पाणी गाळून अप्पांच्या तांब्यात भरायला लागली. मासे रांजणात, पाणी तांब्यात, देव तळहातावर, सगळे आपापल्या जागी खुशाल. तिला यात काही वावगं वाटलंच नाही. मलाही नाही. मला सगळं माहीत होतं.

आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी कामावर हजेरी लवकर होती, आई तांब्या न भरताच पळाली. अप्पांनी अंघोळ केली, तांब्या स्वतःच रांजणात बुडवला आणि पाटावर जाऊन बसले. मी अंगण झाडत होते. एकदम आतून आरोळी आली, "शिव शिव शिव!"

जाऊन बघते तर अप्पा पाटावर उभे. डाव्या तळहातावर लिंग, आणि लिंगाशेजारी बोटाएवढा मासा उड्या मारतोय. लिंग खाली ठेवता येईना आणि मासा वर ठेवता येईना. हात झटकावा तर देव पडेल. ते नुसते एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले. मला हसू आलं, आणि मी हसले. मोठ्यानं हसले. त्याची मला आज एवढ्या वयातही लाज वाटते. मग मी पुढं होऊन मासा उचलला आणि सवयीनं रांजणात टाकला. अप्पांनी ते बघितलं.

"आणखी हायेत?" त्यांनी विचारलं.

"सहा हायेत," मी म्हटलं.

संध्याकाळी आई दारात पाय ठेवते न ठेवते तोच त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"आठ."

"आठ दिवस मी माशाचं पाणी तीर्थ म्हणून प्यालो?"

"गाळून देत होते की."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर फेकले असते तुम्ही."

इथं आईनं थांबायला पाहिजे होतं. पण दिवसभर उन्हात पाट्या भरून आलेली बाई ती, तिच्या जिभेला कोण आवरणार. ती म्हणाली, "आणि तुमच्या देवाला काय झालं एवढं? आम्ही दोघी मरमर पाणी आणतो. त्यात चार मासे जगले तर तुमचं काय गेलं?"

अप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजपासून तुझ्या हातचं पाणी माझ्या लिंगाला न्हाई." ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडलेलं माणूस विसरतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, तळंही भरलं. सातांतले पाच मासे तोवर तडा गेलेल्या रांजणाच्या बुडाशी जगले होते. विहिरीत मासा पुन्हा दिसायचा नाही, असं अप्पांनी बजावलेलं, कारण आता पूजेचं पाणी ते स्वतः विहिरीतून काढत होते. म्हणून आईनं ते पाच मासे घागरीत घालून तळ्यावर नेले आणि जिथं तिनं आणि मावशीनं माती टाकली होती त्या जागेवरून आत सोडले. पुढं तळ्यात मासेच मासे झाले. ते पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यातून आलेले, हे मावशीला माहीत होतं. पण आई म्हणायची, "माझेच हायेत समदे." आणि मावशी म्हणायची, "हाव माय, तुझेच."

त्यानंतर दहा वर्षं आमच्या घरात रोज सकाळी एकच गोष्ट घडायची. आई तांब्या घासून, पाणी गाळून, भरून पाटाशेजारी ठेवायची. अप्पा अंघोळ करून यायचे, तो तांब्या हातानं जरा बाजूला सारायचे, आपला दुसरा तांब्या घेऊन विहिरीवर जायचे आणि स्वतः पाणी आणायचे. बाकी सगळं सुरळीत. तिच्या हातची भाकरी खायचे, तिच्याशी हसून बोलायचे, मुरुडच्या बाजारातून तिच्यासाठी लुगडं आणायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय गुण्यागोविंदानं नांदणारं जोडपं आहे. पण तो तांब्या बाजूला सरताना जमिनीवर घासायचा आणि तो आवाज चुलीपुढं बसलेल्या आईला ऐकू यायचा. मलाही यायचा. मी चिडून म्हणायचे, "घेत न्हाईत तर ठेवतेस कशाला?"

"माझं काम ठेवायचं," आई म्हणायची. "उचलायचं काम त्यांचं."

एकदाच, मी अंगणात असताना, तिनं त्या बाजूला सारलेल्या तांब्यातलं पाणी तुळशीला घालता घालता म्हटलं, "मरायच्या आधी एकदा तरी उचलावा गं त्यांनी." मला वाटतं ते तिनं तुळशीला सांगितलं, मला नाही. पण ऐकलं मी, आणि ते मनातून कधी गेलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. मला तिथल्या एका कचेरीत कारकुनाची तात्पुरती नोकरी लागली. नवा जिल्हा, पण कागद सगळे जुने. दिवसभर माझं काम एकच, छापील अर्जांवरचं 'उस्मानाबाद' पट्टी लावून खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं. बोटं शाईनं निळी. शनिवारी एस.टी.नं मुरुडला उतरून चालत गावी यायचे. आई माझी बोटं बघायची आणि विचारायची, "जिल्हा बदलला तर पाणी वाढतं का गं?"

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. फाल्गुनातच तळं आटायला लागलं. होळीला रजा काढून आले तर पाणी पार मधोमध सरकलेलं, भोवती भेगाळलेला गाळ, आणि उरलेल्या पाण्यात माशांची नुसती खळबळ. पाळीवर बगळे रांगेनं बसून होते, त्यांना काही घाईच नव्हती. आई दोन दिवस नुसती बघून आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काढायला पाहिजेत."

काढायचे कसे? गाळात पाय टाकला की मांडीपर्यंत आत. आदल्या आठवड्यात एक म्हैस दोरखंड लावून ओढून काढली होती. एकाच बाजूला पाळीच्या दगडांचा उतार पाण्यापर्यंत गेलेला, तिथंच बसता यायचं. काठावरून धरायचे तर गळच. मावशीच्या घरचं जाळं तिच्या नवऱ्याबरोबर धरणावर गेलेलं. ती म्हणाली, "तुमाला शाकाहारी गळ करून देते." तिनं गोधडी शिवायची सुई निखाऱ्यावर लाल करून वाकवली. बाजारच्या गळाला उलटा काटा असतो, तो माशाचा जबडा फाडतो. सुईला काटा नाही, ओठाला नुसतं भोक पडतं, ते दोन दिवसांत बुजतं. दोऱ्यावर ज्वारीच्या ताटातलं भेंड ओवलं, ते पाण्यावर तरंगायचं. गांडूळ लावायला आईचा जीव होईना, म्हणून भाकरीचं पीठ घट्ट मळून त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या. पहिल्या दिवशी आईनं सवयीनं पिठात मीठ घातलं. मावशी हसून हसून बेजार. "त्यांना जेवायला बोलावलंय का?"

ते दिवस. देवा, ते दिवस मला परत दे, बाकी काही नको. सकाळची उन्हं कोवळी असायची, शेतांत करडई काढणीला आलेली, कडुलिंबाला नुकता मोहोर आलेला, त्याचा कडवट वास पाळीपर्यंत यायचा. आई, मावशी आणि मी, तिघी दगडावर पाय सोडून बसायचो. भेंड एकदा थरथरायचं, मग दुसऱ्यांदा. "थांब," मावशी दातांतून म्हणायची. "थांब गं, उतावळे." तिसऱ्यांदा ते बुडायचं, आणि मग हलक्या हातानं ओढायचं. झटका दिला की मासा गेला, कारण सुईला काटा नव्हता. बोटभर लांबीचे, चपटे, चंदेरी मासे. आई प्रत्येकाला ओंजळीत घेऊन काहीतरी पुटपुटायची आणि घागरीत सोडायची. शिकवणीचे म्हणून मावशी रोज तीन मासे पदरात बांधून न्यायची. आई तेवढ्यापुरती तोंड फिरवायची. "माझ्या पोटात गेले तरी गावातच ऱ्हायले की," मावशी म्हणायची. मी एवढी वर्षं त्या कचेरीत आणि पुढं किती कचेऱ्यांत बसले, पण मला कुणी विचारलं की आयुष्यात सुखात कधी होतीस, तर मी ती तीन चार सकाळींची जागा दाखवीन, तो दगड.

पण घागरीतले मासे घागरीत किती दिवस ठेवणार? गावात खोल पाणी एकाच ठिकाणी होतं, आमच्या विहिरीत. मी म्हटलं, "गुपचूप सोडू. अप्पांना काय कळतंय?"

आईनं माझ्याकडं रोखून बघितलं. "एकदा न सांगता केलं," ती म्हणाली, "दहा वर्षं भोगायले. आता विचारूनच."

त्या दिवशी दुपारी अप्पा जेवून उठल्यावर तिनं विचारलं. सरळ विचारलं, आडून नाही. "तळ्यातले मासे मरायलेत. विहिरीत सोडू का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले आणि दुकानात गेले.

आईनं त्यांचं ताट उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळ्यावर गेली, आणखी मासे धरले, आणखी एक घागर नेली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मी म्हटलं, "अगं, न्हाई म्हणालेत ते."

"विहिरीला न्हाई म्हणाले. धरायला न्हाई म्हणाले न्हाईत."

सोमवार होता. अप्पांचा उपवास. सोमवारी त्यांची दुपारीही एक जास्तीची पूजा असायची, तिच्याआधी अंघोळीला पाणी काढायचं तर घरात एक घागर जागेवर नाही. कळशी नाही, बादली नाही. सगळी भांडी पाळीवर बाभळीच्या सावलीत ओळीनं मांडलेली. अप्पा रागानं तणतणत तळ्याकडं निघाले. मी लांबून त्यांचं धोतर येताना बघितलं आणि आईला म्हटलं, "आले." आईनं दोऱ्यावरची नजर हलवली नाही.

एक सांगते. तळं झाल्यापासून अप्पा तिथं कधीच आले नव्हते. गावातले सगळे गेले, गुरं गेली, पोहायला पोरं गेली, अप्पा नाही. ते पाळीवर चढले आणि घागर मागायचं विसरून तिथंच उभे राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी पाळ बघितली. केवढी मोठी पाळ ती. मग त्यांनी विचारलं, "तू कुठं माती टाकलीस?"

आईनं बसल्या बसल्या हात केला. "त्या लिंबापासून ह्या दगडापातूर. आमा दोघींची."

अप्पा लिंबापर्यंत चालत गेले आणि तिथून परत दगडापर्यंत आले. पावलं मोजत आल्यासारखे, हळू. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडं बघितलं. मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, माशाचं आणि पाण्याचं जे काही होतं ते होतंच. पण त्याच्याखाली ही माती होती. बायकोनं पाट्या उचलून घर जगवलं आणि आपण रिकाम्या डब्यांवरची धूळ झटकत बसलो, हे त्यांना दहा वर्षं गिळता आलं नव्हतं. सुकडी पाठ करून का खात होते, ते मला तेव्हा समजलं. मी तेवीस वर्षांची घोडी झाले होते, तोवर अक्कल आली नव्हती.

ते आईशेजारी दगडावर बसले. मावशी सरकून जागा करून देत म्हणाली, "अप्पा, धरा जरा, मला पाणी पिऊन येऊ द्या," आणि आपला दोरा सरळ त्यांच्या हातात देऊन गेली. ती पाणी प्यायला गेलीच नाही, बाभळीखाली उभी राहून बघत राहिली. भेंड थरथरलं. अप्पांनी आईकडं बघितलं.

"थांबा," आई म्हणाली. "उतावीळ होऊ नका."

दुसऱ्यांदा थरथरलं. तिसऱ्यांदा बुडालं. "हं, आता. हळू."

मासा वर आला. सुईतून सुटला आणि अप्पांच्या पुढं केलेल्या डाव्या तळहातावर पडला. ते या खेपेला नाचले नाहीत. मासा तळहातावर धापा टाकत पडला होता आणि अप्पा त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी शेजारच्या घागरीत उजवा हात घातला आणि चुळकाभर पाणी घेऊन त्याच्यावर सोडलं. रोज सकाळी सोडतात तसंच. नंतर त्यांनी मासा घागरीत घातला, उठले, धोतर झटकलं आणि ती घागर उचलून खांद्यावर घेतली.

"अहो, उपवास हाय तुमचा," आई घाबरून म्हणाली.

"मी काय खायला चाललोय?" अप्पा म्हणाले.

भर दुपारी, कपाळाला भस्म लावलेला आमचा बाप, खांद्यावर माशांची घागर घेऊन गावातून चालला. मागं कळश्या घेऊन आई, मी आणि मावशी. पारावरचे लोक बघायला लागले. एकानं विचारलंच, "काय अप्पा, मासे?"

"हाव, मासे," अप्पा म्हणाले. "तुझ्या बापाचं काय जातंय?" अप्पांच्या तोंडून असले शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. चार खेपा केल्या त्यांनी. शेवटची घागर विहिरीत रिकामी झाली तेव्हा सगळं पाणी क्षणभर चमकलं आणि मग शांत झालं. अप्पा अंघोळ करून पुन्हा दुकानात जाऊन बसले.

रात्रभर मला वाटत होतं, उद्या ते आईचा तांब्या उचलतील. आईलाही वाटत असणार, कारण सकाळी तिनं तो चिंचेनं दोनदा घासला. भरून पाटाशेजारी ठेवला आणि चुलीपुढं जाऊन बसली, दाराकडं पाठ करून. अप्पा अंघोळ करून आले. तांब्या जमिनीवर घासल्याचा आवाज आला. मग विहिरीकडं जाणारी त्यांची पावलं. आई पीठ मळत होती, तिचे हात थांबले. मला इतका राग आला की मी उठून अप्पांना काहीतरी बोलणारच होते.

पावलं परत आली. पण पाटाकडं गेली नाहीत, चुलीकडं आली. अप्पा आईच्या मागं उभे राहिले. हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या.

"ह्यात मासे हायेत आता," ते म्हणाले. "गाळून दे."

आईनं हात धुतले. फडकं घ्यायला उठली, ते सापडेना, नाकासमोर खुंटीला होतं तरी सापडेना. शेवटी तिनं पाटाजवळचा आपला तांब्या आणून रिकामा केला, पदराचं धुतलेलं टोक दुहेरी करून त्याच्यावर धरलं आणि पाणी ओतलं. त्यातलं निम्मं चुलीपुढं सांडलं. उरलेलं तिनं त्यांच्या हातात दिलं. अप्पा ते घेऊन पाटावर जाऊन बसले, लिंग तळहातावर घेतलं आणि पाणी सोडलं. आई परत पीठ मळायला बसली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "धूर लई झालाय गं आज." चूल नीट पेटलेली होती.

पुढं बारा वर्षं, आई जाईपर्यंत, अप्पांनी तिनं गाळलेलंच पाणी घेतलं. ती गेल्यावर गावातलं दुकान बंद झालं आणि मी अप्पांना इथं नांदेडला माझ्या घरी घेऊन आले. इथं नळ. पहिल्याच सकाळी मी तांब्या भरून पाटाशेजारी ठेवला, तर अप्पा तो उचलून माझ्याकडं स्वयंपाकघरात आले आणि माझ्यापुढं धरला.

"गाळून दे."

"अप्पा, नळाचं पाणी हाय हे," मी म्हटलं. "ह्यात मासा कुठला येणार?"

"न्हाई आला तर न्हाई. तू गाळ."

आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा मी आणला होता. तो दुहेरी करून धरला आणि गाळून दिलं. पाणी तांब्यात पडून गेल्यावरही अप्पा ते ओलं फडकं बघत उभे राहिले, त्यात काही अडकलंय का म्हणून.